विश्लेषण : छप्पर गेले, जंगल गेले, पाहुणेही गेले... डॉमिनिकाच्या वर्षावनातील छोटी अतिथिगृहे सावरली कशी?

जुलै २०२३ मध्ये रोझो येथील विंडसर पार्क मैदानावर मुंबईकर यशस्वी जैस्वालने कसोटी पदार्पणातच १७१ धावा केल्या. त्या सामन्यात कॅमेरा अधूनमधून स्टेडियममागच्या गर्द हिरव्या डोंगरांवर फिरत होता. सहा वर्षांपूर्वी याच डोंगरांवर पानही शिल्लक नव्हते. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने डॉमिनिका हा छोटा कॅरेबियन देश एका रात्रीत होत्याचा नव्हता केला. याच मैदानावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतायला त्यानंतर जवळपास पाच वर्षे लागली.

जंगलातील सहा-आठ खोल्यांची घरगुती अतिथिगृहे हा या देशाच्या पर्यटनाचा कणा. क्रिकेटपेक्षाही त्यांना परतणे अवघड गेले. काही उभी राहिली, काही कायमची बंद झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मेलिसा’ वादळाने ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमैकाला झोडपले आणि तेथील छोट्या हॉटेलवाल्यांपुढेही तेच प्रश्न उभे राहिले. डॉमिनिकाचा अनुभव त्यासाठीच समजून घेण्यासारखा आहे.

डॉमिनिका नेमका कुठे?

डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा आणि डॉमिनिका वेगळा. ही गल्लत इतकी होते, की वादळानंतर मदत पाठवू पाहणाऱ्यांनाही हा खुलासा करावा लागत होता. ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध हा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडे मोठे. लोकसंख्या मात्र जेमतेम ७० हजारांच्या घरात. भारतात हे नाव सर्वाधिक गाजले ते २०२१ मध्ये, पंजाब नॅशनल बँक गैरव्यवहारातील आरोपी मेहुल चोक्सी याला तिथे अटक झाली तेव्हा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या करोना लशीच्या ७० हजार मात्रा भारताने या देशाला भेट दिल्या होत्या. विमानातून उतरवलेली खोकी वाहायला पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट स्वतः पुढे झाले होते.

कॅरेबियन म्हटले की पांढरी वाळू आणि निळे पाणी डोळ्यांसमोर येते. डॉमिनिकाकडे ते फारसे नाही. ज्वालामुखींनी घडवलेल्या या बेटाची वाळू बहुतेक ठिकाणी काळी आहे आणि किनारे अरुंद आहेत. आतल्या डोंगरांत वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. आपल्याकडे आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची कल्पना येईल. या पावसावर पोसलेले वर्षावन, नद्या, धबधबे, गरम पाण्याचे झरे आणि अक्षरशः उकळणारे तळे हीच या देशाची पुंजी. मोर्न त्र्वा पिताँ राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत जाणारी १८४ किलोमीटरची वाइतुकुबुली पायवाट १४ टप्प्यांत चालता येते.

ज्यांना हे पाहायचे असते ते पाचशे खोल्यांच्या हॉटेलात उतरत नाहीत. ते जंगलाच्या कडेला, एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या अतिथिगृहात राहतात. सकाळी मालकाच्या ओळखीचा वाटाड्या येतो, जेवणात शेजारच्या मळ्यातले रताळे, केळी आणि डाशीन (हे आपल्या अळकुडीचे भावंड) असते. पर्यटकाचा पैसा गावातच फिरतो. बंदरात सकाळी लागून संध्याकाळी निघणाऱ्या क्रूझ जहाजांच्या तुलनेत एक मुक्कामी पाहुणा गावाला कितीतरी अधिक देऊन जातो, तो यामुळेच.

‘मारिया’ने काय केले?

१७ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी ‘मारिया’ नुकतेच कमीत कमी तीव्रतेचे हरिकेन ठरले होते. दुसऱ्या दिवशी रात्री सव्वानऊच्या सुमारास ते डॉमिनिकावर धडकले, तेव्हा ते पाचव्या म्हणजे सर्वोच्च श्रेणीत पोहोचले होते. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर. अवघ्या सव्वा दिवसात झालेली ही वाढ अंदाज वर्तवणाऱ्यांनाही चकवणारी होती. सकाळी खिडक्यांना फळ्या ठोकणाऱ्या माणसाने ज्या वादळाची तयारी केली, ते वादळ रात्री आलेच नाही. आले ते भलतेच. खुद्द पंतप्रधानांच्या घराचे छप्पर उडाले आणि ते त्यांनी त्या रात्री समाजमाध्यमावरून जगाला सांगितले. काही तासांत बेटाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला.

या वादळात ३१ जणांचा मृत्यू झाला आणि ३४ जण बेपत्ता झाले. सत्तर हजारांच्या देशात हा आकडा प्रत्येकाच्या नात्यागोत्यापर्यंत पोहोचणारा होता. दहापैकी नऊ घरांच्या छपरांचे नुकसान झाले. विजेचे सुमारे तीन चतुर्थांश जाळे कोलमडले. उपग्रह छायाचित्रांवरून पुढे मोजल्या गेलेल्या दरडींची संख्या दहा हजारांच्या आसपास होती. हानी आणि बुडालेले उत्पन्न मिळून नुकसान १.३ अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक सकल उत्पादनाच्या २२६ टक्के. सव्वादोन वर्षांत देश जेवढे कमावतो, तेवढे एका रात्रीत गेले.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हते. १९७९ मध्ये ‘डेव्हिड’ने तीन चतुर्थांश लोकांना बेघर केले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘एरिका’ हे तर हरिकेनही नव्हते, साधे उष्णकटिबंधीय वादळ होते. पण त्याच्या पावसाने डोंगर खाली आणले आणि सकल उत्पादनाच्या सुमारे ९० टक्क्यांएवढी हानी केली. म्हणजे ‘मारिया’ आले तेव्हा अनेक अतिथिगृहांचे मालक ‘एरिका’साठी काढलेल्या कर्जाचे हप्ते भरत होते.

वादळ सरल्यावर अतिथिगृहात काय उरते?

एक नमुना डोळ्यांसमोर आणू. रोझो खोऱ्यात, आठ खोल्यांचे लाकडी अतिथिगृह. मालक पती-पत्नी, दोन कामगार बायका, एक माळी, दोन वाटाडे. बागेत गरम पाण्याचे कुंड, वरच्या ओढ्यातून नळाने आणलेले पाणी, छपरावर पत्रा. अशी अतिथिगृहे या खोऱ्यात खरोखरच आहेत. ट्रॅफल्गार धबधब्याजवळचे ‘पॅपिलोट’ त्यांतले जुने आणि नावाजलेले. तेथील बाग ‘डेव्हिड’नंतर नव्याने लावावी लागली होती आणि ‘मारिया’ने तीच वेळ पुन्हा आणली.

पहिल्या आठवड्यात प्रश्न पर्यटनाचा नसतोच. रस्ता बंद, पूल वाहून गेलेला, फोन बंद. कामगार बायकांची स्वतःची घरे उघडी पडलेली. अशा वेळी मालकाने त्यांना कामावर बोलवायचे की त्यांच्या घरावर ताडपत्री टाकायला स्वतः जायचे? छोट्या व्यवसायात मालक आणि कामगार एकाच गावचे असतात, त्यामुळे दुसरा पर्यायच बहुधा निवडला जातो. तो हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही, पण सहा महिन्यांनी तीच माणसे कामावर परतणार की नाही हे त्यावर ठरते.

नंतर साफसफाई. वर्षावनातले वादळ समुद्रकिनाऱ्यावरच्या वादळापेक्षा वेगळे असते. किनाऱ्यावर पाणी येते आणि जाते. डोंगरात मात्र झाडे पडतात, माती येते आणि ती तिथेच राहते. आठ खोल्यांच्या अंगणात पडलेली चार मोठी झाडे हलवायची म्हणजे करवत, इंधन आणि माणसे, तिन्ही लागतात. तिन्हींची मागणी एकाच वेळी साऱ्या देशात वाढलेली. पाण्याचा नळ ओढ्यासकट गेलेला. छप्पर नसलेल्या खोलीत दमट हवेने पंधरा दिवसांत गाद्या, पडदे, लाकडी फर्निचर यांवर बुरशी चढते. वाऱ्याने जे मोडले नाही, ते अशा ओलीने जाते.

तिसऱ्या टप्प्यावर एक अनपेक्षित गिऱ्हाईक येते, ते म्हणजे मदतकार्य करणारे लोक. वीजजोडणी करणारे परदेशी कर्मचारी, अभियंते, स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी, नुकसानीची पाहणी करणारे अधिकारी या सर्वांना राहायला खोली हवी असते. ज्याच्या दोन-तीन खोल्यांवर छप्पर शिल्लक आहे, त्याच्या हाती लगेच पैसा येतो आणि त्यातून उरलेल्या खोल्या दुरुस्त होतात. ज्याचे सगळेच उडाले, त्याला ही संधी मिळत नाही. अशा प्रकारे एकाच रस्त्यावरच्या दोन अतिथिगृहांत पहिल्या तीन महिन्यांतच अंतर पडू लागते. एखाद-दोन खोल्या काँक्रीटच्या छताखाली बांधून ठेवण्याचा शहाणपणा त्यानंतर अनेकांना पटला. वादळाच्या रात्री कुटुंबाला आसरा आणि दुसऱ्या दिवसापासून उत्पन्न, अशी ही दुहेरी सोय आहे.

डोंगरातल्या वस्त्यांत वीज परतायला बरेच महिने लागले. तोवर जनित्र चालवायचे तर डिझेलचा खर्च खोलीच्या भाड्यातला मोठा हिस्सा खातो. सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांकडे वळलेल्यांमागे पर्यावरणप्रेम होतेच, पण डिझेलचे बिल हे अधिक रोखठोक कारण होते.

विमा होता, मग पैसा का नाही?

अनेक लाकडी अतिथिगृहांचा विमाच नव्हता. हप्ता परवडत नाही किंवा कंपनी लाकडी बांधकाम घेत नाही, ही दोन नेहमीची कारणे. पण ज्यांचा होता, त्यांच्याही हाती अपेक्षेपेक्षा कमी रक्कम पडते. हे समजायला एक साधे गणित पुरेसे आहे.

समजा, मालमत्तेची खरी किंमत चार लाख डॉलर आहे. हप्ता कमी बसावा म्हणून मालकाने विमा दोनच लाखांचा उतरवला. वादळात दोन लाखांचे नुकसान झाले. मालकाला वाटते, दोन लाख मिळतील. पण विमा करारात ‘सरासरी’चे कलम असते. मालमत्तेच्या निम्म्याच किमतीचा विमा असेल, तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई, म्हणजे एक लाख. त्यातून वादळासाठी ठेवलेला वजावटीचा हिस्सा जातो. कॅरेबियन बेटांत तो विमा रकमेच्या साधारण दोन टक्के असतो, म्हणजे आणखी चार हजार. हाती आले ९६ हजार. दुरुस्तीचा खर्च दोन लाख. त्यातच वादळानंतर सिमेंट, लाकूड आणि सुतार यांचे भाव वाढलेले असतात, म्हणजे दोन लाखांचे काम दोन लाखांत होतच नाही.

शिवाय हे ९६ हजार कधी मिळणार? हजारो दावे एकाच वेळी दाखल होतात, पाहणी करणारे मोजके. दरम्यान बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देणारा वेगळा विमा असतो, पण तो छोट्यांपैकी फार थोडे घेतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. सवलतीची मुदत मिळाली तरी व्याज चढत राहते.

कॅरेबियन देशांनी २००७ मध्ये मिळून एक आपत्ती विमा निधी उभारला. त्यातून डॉमिनिकाला ‘मारिया’नंतर दोन आठवड्यांत सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाले. या विम्याची रीत वेगळी आहे. नुकसानीची पाहणी होत नाही. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग अशा मोजता येणाऱ्या गोष्टींनी ठरलेली पातळी ओलांडली की रक्कम मिळते. म्हणूनच ती इतक्या लवकर आली. ‘मेलिसा’नंतर जमैकाला आपत्ती रोख्यांतून १५ कोटी डॉलर मिळाले, तेही याच तत्त्वावर. पण हा पैसा सरकारचा असतो. तो रस्ते मोकळे करण्यात आणि पगार देण्यात जातो आणि तो तिथेच जायला हवा. ९३ कोटी डॉलरच्या प्रत्यक्ष हानीपुढे १.९ कोटी किती पुरणार, हा प्रश्न आहेच. आठ खोल्यांच्या अतिथिगृहापर्यंत तो थेट पोहोचत नाही. वाऱ्याच्या वेगावर आधारित असा विमा छोट्या व्यावसायिकाला स्वस्तात देता येईल का, याची चर्चा या भागात बरीच वर्षे चालू आहे. व्यवहारात तो अजून सर्वदूर गेलेला नाही.

छप्पर का उडते आणि कसे टिकते?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या आसपास होता. ‘मारिया’चा वेग त्याच्या सव्वादोन पट, पण छपरावर पडणारा जोर जवळजवळ पाचपट. ‘निसर्ग’ने दिवेआगरच्या घरांचे काय केले हे ज्यांनी पाहिले, त्यांना यापुढे अधिक सांगायला नको.

हा जोर छप्पर खाली दाबत नाही, तर वर खेचतो. वारा वळचणीखाली शिरतो, पत्र्याचा कोपरा उचलतो आणि एक पत्रा गेला की घरात शिरलेली हवा बाकीचे आतून ढकलते. म्हणून ‘मारिया’नंतर डॉमिनिका सरकारने घरबांधणीची जी मार्गदर्शिका काढली, तिचा मोठा भाग छपराविषयीच आहे. त्यातले तत्त्व कोकणातल्या जुन्या सुताराला सहज पटेल. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी बरे, कारण त्याला वाऱ्यापुढे उभी राहणारी सपाट त्रिकोणी भिंत नसते. उतार फार कमी नको. वळचण फार बाहेर काढू नये. पत्रे खिळ्यांनी ठोकण्याऐवजी स्क्रूने आवळावेत, आणि कडेला व आढ्यापाशी स्क्रू अधिक दाट असावेत. वासे भिंतीच्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे, म्हणजे पडवी उडाली तरी ती घराला घेऊन जाणार नाही.

यात खर्चिक असे फार थोडे आहे. लोखंडी पट्टी आणि स्क्रू यांची किंमत एकूण बांधकामात किरकोळ असते. अडचण वेगळीच आहे. वादळानंतर प्रत्येकाला छप्पर आजच हवे असते आणि सुतार एकाच वेळी दहा घरे पाहत असतो. घाईत ठोकलेले खिळे पुढच्या वादळापर्यंत कुणाला दिसत नाहीत. कडक नियम कागदावर आणणे सोपे. चार महिने ताडपत्रीखाली राहिलेल्या माणसाला ‘आणखी थांब, पट्ट्या येऊ दे’ असे सांगणे अवघड.

जंगल परतले का?

अतिथिगृह जंगलासाठी होते, त्यामुळे छप्पर बसले म्हणून धंदा सुरू होत नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी डॉमिनिकाचे डोंगर करपल्यासारखे तपकिरी दिसत होते. वाऱ्याने पाने, फांद्या, साल सगळे ओरबाडले होते. खोलीच्या खिडकीतून पूर्वी जिथे हिरवी भिंत दिसे, तिथे आता थेट दरडीची लाल माती.

पण वर्षावनाचा स्वभाव चिवट आहे. काही आठवड्यांतच उघड्या बुंध्यांवर थेट पालवी फुटली. डोंगर लांबून पुन्हा हिरवे दिसू लागले. ही हिरवाई फसवी असते, कारण आधी जोर धरतात त्या वेली, नेचे आणि सेक्रोपियासारखी झपाट्याने वाढणारी, मऊ लाकडाची झाडे. उंच छत्री धरणारे जुने जंगल परतायला कित्येक दशके लागतात. ‘मारिया’ दोनच दिवसांनी प्वेर्तो रिकोवर गेले. तेथील एल युंके वर्षावनात शास्त्रज्ञ अनेक दशके एकेक झाड मोजत आले आहेत. त्यांच्या नोंदींनुसार ‘मारिया’ने आधीच्या वादळांच्या सुमारे दुप्पट झाडे मारली आणि काही जातींत मोडलेल्या खोडांचे प्रमाण कितीतरी पट अधिक होते. एरवी वादळाला पुरून उरणारी, दाट लाकडाची जुनी झाडेही यावेळी मोडली. ताड कुळातील झाडे त्यामानाने तगली.

डॉमिनिकात अशा जुन्या झाडांपैकी महत्त्वाचे म्हणजे गोमिये. कड्यांवर वाढणाऱ्या या महाकाय झाडांची मुळे एकमेकांत गुंतून जोडली जातात, त्यामुळे ती एकमेकांना धरून उभी राहतात. बेटाचे मूळ रहिवासी कालिनागो याच झाडाच्या खोडातून होड्या कोरतात. बेटाच्या ईशान्येला त्यांचा सुमारे ३,७०० एकरांचा सामाईक मालकीचा प्रदेश आहे आणि तिथेही घरगुती निवासाची सोय चालते. गोमियेचे मोठे झाड गेले की कालिनागोंची होडीही जाते, ती खरेदी करून भरून निघत नाही.

राष्ट्रध्वजावर असलेला सिसेरू पोपट तर दिसेनासाच झाला. हा पोपट जगात फक्त याच बेटावर आहे. तो आता अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो. पहाटे दुर्बीण घेऊन त्याला पाहायला येणारे पक्षीनिरीक्षक हे जंगलातल्या अतिथिगृहांचे खात्रीचे गिऱ्हाईक होते. त्यांना आता मालक प्रामाणिकपणे सांगतात, की दिसेलच असे नाही.

पायवाटांचे काम जंगलापेक्षा लवकर झाले. वन खाते आणि गावकरी यांच्या जोडीला पर्यटकांनाही हाताशी धरले गेले. येऊन राहा, अर्धा दिवस पायवाट साफ करायला मदत करा, उरलेला दिवस फिरा, अशी योजना २०१८ मध्ये राबवली गेली. तिने किती किलोमीटर वाट मोकळी झाली यापेक्षा ‘बेट चालू आहे’ हा संदेश बाहेर गेला, हे अधिक मोलाचे होते. वादळाची छायाचित्रे जगभर जातात. पालवी फुटल्याची बातमी कुणी छापत नाही.

मग मोठी हॉटेले कशी उभी राहिली?

इथे विषय थोडा अवघड होतो. डॉमिनिका १९९३ पासून गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतो. सोप्या भाषेत, ठरावीक रक्कम भरा आणि पासपोर्ट घ्या. ‘मारिया’नंतर सरकारकडे कर्ज काढायला वाव नव्हता, तेव्हा पुनर्बांधणीचा मोठा भार याच पैशाने उचलला. बेघरांसाठीची पक्की घरे त्यातून झाली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पंतप्रधान स्केरिट यांनी वादळानंतर पाचव्याच दिवशी, हवामान बदलाला तोंड देऊ शकणारे जगातले पहिले राष्ट्र होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, त्यालाही आधार याच उत्पन्नाचा होता.

याच योजनेतून आलिशान हॉटेलेही आली. सरकारमान्य हॉटेल प्रकल्पात गुंतवणूक केली तरी पासपोर्ट मिळतो. उत्तरेत कॅब्रिट्स येथे २०१९ मध्ये उघडलेले पंचतारांकित हॉटेल हे त्याचे ठळक उदाहरण. ‘जंगल बे’ची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. २००५ मध्ये आग्नेय किनाऱ्यावर सुरू झालेले हे स्थानिक मालकीचे पर्यावरणस्नेही निवास ‘एरिका’ने उद्ध्वस्त केले. ते २०१९ मध्ये नैर्ऋत्येला सूफ्रिएर येथे नव्या जागी उघडले, त्यातही नागरिकत्व योजनेतील गुंतवणूक होती. म्हणजे हा पैसा सरसकट परक्यांच्याच खिशात गेला असे म्हणता येत नाही. पण आठ खोल्यांच्या घरगुती अतिथिगृहाला असा प्रकल्प मंजूर करून घेणे, त्याचे शेअर परदेशी गुंतवणूकदारांना विकणे, वकील आणि दलाल नेमणे झेपत नाही. त्यामुळे एकाच वादळातून सावरताना वरच्या थराला भांडवलाचा झरा मिळाला आणि खालच्या थराला कर्ज.

झरा बेभरवशाचाही आहे. या योजनेवर बोट ठेवत ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. पुढच्या वर्षी शेजारी देशांशी करार करून किमान रक्कम दोन लाख डॉलरवर न्यावी लागली. पासपोर्टची मागणी घटली तर पुनर्बांधणीचा पैसा घटतो, हे समीकरण तिथे सर्वांना ठाऊक आहे.

पुन्हा पाहुणे आले का?

आले, पण सरळ रेषेत नाही. सुमारे चार दशके बेटावर असलेले रॉस वैद्यकीय विद्यापीठ ‘मारिया’नंतर बार्बाडोसला कायमचे हलले. त्याबरोबर विद्यार्थ्यांना भेटायला येणारे पालक आणि प्राध्यापक हा पोर्ट्समथ परिसरातील अतिथिगृहांचा बारमाही आधार गेला. अनेक अतिथिगृहे २०१९ च्या हंगामात कुठे पूर्ण क्षमतेने चालू लागली, तोच मार्च २०२० मध्ये करोनाने सीमा बंद झाल्या. वादळासाठी घेतलेले कर्ज होतेच, त्यावर टाळेबंदी. मालकांपैकी जे वयस्क होते आणि ज्यांची मुले परदेशात स्थिरावली होती, त्यांच्यातल्या काहींसाठी हा शेवटचा धक्का ठरला.

दिलासा मिळाला तो विमानसेवेने. तोवर डॉमिनिकाला यायचे तर शेजारच्या बेटावर विमान बदलावे लागे. डिसेंबर २०२१ मध्ये मायामीहून थेट विमान सुरू झाले. आता ईशान्येला वेस्ली येथे मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला जात आहे आणि रोझो खोऱ्यातून उकळत्या तळ्यापर्यंत केबल कारचे काम हाती घेतले आहे. केबल कारबद्दल अतिथिगृहवाल्यांत दोन तट पडणे स्वाभाविक आहे. या तळ्यापर्यंतची चढउताराची पायपीट जाऊन-येऊन जवळपास दिवसभराची आहे. त्यासाठी पाहुणा आदल्या रात्री मुक्काम करतो, वाटाड्या घेतो, परतल्यावर थकून आणखी एक रात्र राहतो. हेच अंतर काही मिनिटांत कापता आले, तर क्रूझ जहाजाचा प्रवासी सकाळी तळे पाहून दुपारी जहाजावर परत जाईल. दुसरी बाजू अशी, की जे वयामुळे किंवा प्रकृतीमुळे ती वाट कधीच चढले नसते, तेही येतील आणि त्यांतले काही राहतील.

कोकणातल्या घरगुती निवासांचे काय?

‘निसर्ग’नंतर दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड परिसरातील घरगुती निवास चालवणाऱ्यांची अडचण याच जातीची होती. पाहुणा येतो तो खोलीसाठी नव्हे, नारळी-पोफळीच्या सावलीसाठी. खोलीवर पत्रे महिन्याभरात चढले. पोफळ पुन्हा उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षे घेते. राज्य सरकारने फळबागांसाठी भरपाई वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. पण दहा-वीस गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरचा हिशेब लावला, की हाती येणारी रक्कम वाडी साफ करण्याच्या मजुरीलाही अपुरी पडते. वाडी आणि निवास हे एकच उत्पन्न आहे, याची नोंद भरपाईच्या कोणत्याच तक्त्यात नसते. डॉमिनिकातही शेतीची मदत एका खात्याकडून आणि पर्यटनाची दुसऱ्याकडून, तर अतिथिगृहाच्या मळ्यातली केळी दोघांच्याही यादीबाहेर.

दोन्हीकडची वादळे वेगवेगळ्या तीव्रतेची आहेत, हे विसरून चालणार नाही. अरबी समुद्रात पाचव्या श्रेणीचे वादळ कोकण किनाऱ्यावर आलेले नाही. मात्र ‘निसर्ग’ पाठोपाठ मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले आणि वर्षभरात दुसऱ्यांदा त्याच वाड्या झोडपल्या गेल्या.

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. डॉमिनिकातील अनेक छोटी अतिथिगृहे सप्टेंबरात पाहुणे घेत नाहीत. त्या महिन्यात पत्र्यांचे स्क्रू आवळले जातात, छपरावर झुकलेल्या फांद्या तोडल्या जातात, पाण्याच्या टाक्या भरून ठेवल्या जातात आणि विम्याचा हप्ता भरायचा की या वर्षी तेवढ्याच पैशात आणखी एका खोलीवर काँक्रीटचे छत घालायचे, यावर घरात चर्चा होते.